काटकोन आणि थोडासा कललेला काटकोन: लंब बहुपद्या ही काय भानगड आहे

रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. ती एम.एस्सी. ॲग्री करतेय, थिसिसचं लिखाण चालू आहे, त्यामुळे हल्ली तिचे फोन याच वेळेला येतात. ज्वारीला नत्राच्या चार मात्रा दिल्या, उत्पादन मोजलं, आणि गाईडनी सांगितलं की वाढ सरळ रेषेत आहे की पुढे वाकतेय ते ऑर्थोगोनल पॉलिनॉमियल कॉन्ट्रास्ट लावून दाखव. "मामा, पुस्तकात टेबल आहे, त्यात वजा ३, वजा १, १, ३ असे आकडे आहेत, ते मी लावले, उत्तरपण आलं. पण व्हायव्हात कुणी विचारलं की हे आकडे आले कुठून, तर काय सांगू?"

प्रश्न रास्त होता. मी गणित शिकलेला माणूस, तरी फोनवर दहा मिनिटं काहीतरी बडबडलो आणि ते तिला कळलं नाही हे मला कळलं. म्हणून हा लेख. तिच्यासाठी सुरू केला, पण लिहिता लिहिता पुढे त्याच घरातल्या एका जरा कमी शिस्तीच्या भावापर्यंत गेलो, ज्याला क्वासी-ऑर्थोगोनल म्हणतात. माझं म्हणणं असं की तो भाऊ तुम्ही बारावीत किंवा डिप्लोमाला असताना वापरलेला आहे, फक्त कुणी ओळख करून दिली नव्हती.

दोनच शब्द आधी सांगून ठेवतो. बहुपदी म्हणजे पॉलिनॉमियल, शाळेतलीच, क्ष, क्ष², क्ष³ यांना आकड्यांनी गुणून केलेली बेरीज. तिच्यातला सगळ्यात मोठा घात म्हणजे तिची कोटी. बस.

मीठ वेगळं, तिखट वेगळं

भाजीत कांदा-लसूण मसाला टाकताय असं समजा. त्यात तिखट असतं आणि बहुतेक वेळा मीठही असतं. आता भाजी अळणी वाटली म्हणून मसाला वाढवला की तिखट वाढतं, तिखट कमी करायला गेलं की मीठ कमी पडतं, मग परत वरून मीठ, परत चव बघा, असं चालू राहतं. त्याऐवजी मीठ आणि मिरची पूड वेगवेगळी घेतली तर मिठाचा निर्णय एकदा घेतला की झाला, तिखट किती टाकायचं याचा त्याच्यावर काही परिणाम नाही.

ऑर्थोगोनल, म्हणजे एकमेकांना लंब असणं, ते एवढंच. एका गोष्टीत दुसरीचा कणही मिसळलेला नसणं. रस्त्यावर बघायचं तर पूर्वेकडे कितीही चाला, उत्तरेकडे तुम्ही एक पाऊलसुद्धा सरकत नाही, कारण दोन दिशांत काटकोन आहे. ईशान्येकडे चालायला लागलात तर मात्र दोन्हीकडे थोडं थोडं सरकता, तोच कांदा-लसूण मसाला.

हा काटकोन आकड्यांत कसा ओळखायचा? आलेखावर एक बाण (३, ४) कडे जातो, दुसरा (४, वजा ३) कडे. जोडीजोडीने गुणा आणि बेरीज करा: १२ आणि वजा १२, बेरीज शून्य. शून्य आली की काटकोन. आणि गंमत ही की हा नियम दोन आकड्यांच्या यादीलाच लागतो असं नाही, चार आकड्यांची यादी घ्या, चाळीस घ्या, चित्र काढता येत नसलं तरी गुणा, बेरीज करा, शून्य आली की लंब म्हणा.

भाचीच्या टेबलातले आकडे

मात्रा होत्या हेक्टरी ०, ४०, ८० आणि १२० किलो. अंतर सारखं आहे म्हणून त्यांना ०, १, २, ३ म्हणू. सगळ्यात साधी बहुपदी म्हणजे नुसता १, तिची यादी १, १, १, १. पुढची क्ष, तिची यादी ०, १, २, ३. या दोन लंब आहेत का? गुणून बेरीज ६ येते, म्हणजे नाहीत, क्षमध्ये "सरासरी" मिसळलेली आहे. ती काढून टाका. सरासरी १.५, ती वजा केली की वजा १.५, वजा ०.५, ०.५, १.५ उरतं, दोनाने गुणून पूर्णांक केले की वजा ३, वजा १, १, ३. हे आले टेबलातले आकडे! आता वर्गाची पाळी. या चार आकड्यांचे वर्ग ९, १, १, ९, त्यांची सरासरी ५, ती काढली की ४, वजा ४, वजा ४, ४, म्हणजे चाराने भागून १, वजा १, वजा १, १. पुढे घनातून असंच जुनं सगळं गाळलं की वजा १, ३, वजा ३, १. कुठल्याही दोन याद्या घ्या, गुणून बेरीज करा, शून्यच येणार. करून बघा खरंच, अर्धा मिनिट लागतं.

आता याचा फायदा. हे उत्पादनाचे आकडे तिचे नाहीत, मी सोयीने बनवलेत: हेक्टरी २०, २८, ३२, ३२ क्विंटल. साधा क्ष वापरून सरळ रेषा बसवली तर सगळ्यात जवळची रेषा येते २२ + ४क्ष. म्हणजे प्रत्येक ४० किलोला चार क्विंटल वाढ. पण शेवटी वाढ थांबलेली दिसतेय म्हणून क्ष² पण घेतला, तर समीकरण होतं २० + १०क्ष − २क्ष². बघितलंत का, क्षचा सहगुणक चारवरून एकदम दहावर गेला आणि २२ चे २० झाले. प्रयोग तोच, शेत तेच, फक्त एक पद जास्त घेतलं तर आधीचं सगळं हललं. मसाला वाढवला, मीठ बिघडलं.

तेच लंब याद्यांनी करा. सरासरी २८. सरळ भागाचा सहगुणक: वजा ६० वजा २८ अधिक ३२ अधिक ९६, म्हणजे ४०, त्याला यादीतल्या आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेने, २० ने, भागा: २. वाकाचा सहगुणक: वजा ८ भागिले ४, म्हणजे वजा २. घनाचा चक्क शून्य. वाकाचं पद घ्या, टाका, घन घ्या, टाका, सरळ भागाचा २ हा २ च राहतो. म्हणून गाईड म्हणतात हे लावून दाखव, कारण "सरळ वाढ किती" आणि "वाक किती" हे दोन प्रश्न इथे खरोखर वेगळे झालेले असतात. आर सॉफ्टवेअरमध्ये पॉली नावाचं फंक्शन वापरलं की सहगुणक विचित्रच येतात आणि पोरं घाबरतात, तेही याचमुळे, ते आपणहून लंब बहुपद्या बनवून देतं.

चार मात्रांऐवजी सलग रेष असली तर

आता चार ठिकाणांऐवजी वजा १ पासून १ पर्यंतचा सगळा तुकडा घ्या. यादी संपतच नाही, म्हणून बेरजेच्या जागी इंटिग्रल येतं, म्हणजे दोन बहुपद्यांचा गुणाकार करून त्याच्या वक्राखालचं क्षेत्रफळ मोजायचं, अक्षाच्या वरचं अधिक, खालचं उणे. ते शून्य आलं की लंब. बाकी कृती तीच. १ आणि क्ष आपोआप लंब आहेत, क्ष² मधून १ चा अंश गाळला की क्ष² − १/३ उरतं, आणि टोकाला किंमत १ यावी म्हणून मापात बसवलं की (३क्ष² − १)/२. या झाल्या लजांद्र बहुपद्या. लजांद्र हा फ्रेंच गणिती, १७८० च्या दशकात ग्रह-गोलांचं गुरुत्वाकर्षण मोजताना त्याला त्या सापडल्या.

तुकडा बदला किंवा तुकड्याच्या कुठल्या भागाला जास्त वजन द्यायचं ते बदला, की बहुपद्या बदलतात. गाण्यातल्या घराण्यांसारखं आहे, राग तोच पण भर कशावर द्यायचा ते वेगळं. घंटेच्या आकाराचं वजन दिलं की हर्मिट, शून्यापासून पुढे विरत जाणारं वजन दिलं की लागेर, कडांना जास्त वजन दिलं की चेबिशेव्ह. हा चेबिशेव्ह म्हणजे रशियन माणूस, त्याचा १८५४ चा लेख वाफेच्या इंजिनातल्या दांड्यांच्या जोडणीवर होता, वॅटच्या यंत्रातला दांडा जवळजवळ सरळ रेषेत कसा हलेल या भानगडीतून त्याच्या बहुपद्या निघाल्या. मला हे फार आवडतं, एकाला ग्रहांत सापडल्या, एकाला इंजिनात.

सगळ्या घराण्यांत एक गोष्ट सारखी असते: पुढची बहुपदी काढायला फक्त मागच्या दोन लागतात. तीन पदांचा नियम म्हणतात त्याला. मागचा अख्खा इतिहास काढायची गरज नाही, आजी-आई माहीत असली की मुलगी काढता येते.

मुळांची शिस्त

बहुपदीचं मूळ म्हणजे जिथे तिची किंमत शून्य होते ती जागा, आलेख अक्षाला छेदतो ती. साध्या बहुपदीच्या मुळांचा काही भरवसा नसतो, क्ष² + १ ला तर वास्तव मूळच नाही. पण लंब बहुपदीचं तसं नाही. कोटी n असेल तर... थांबा, देवनागरीतच राहू, कोटी दहा असेल तर तिला बरोबर दहा मुळं, सगळी वास्तव, सगळी वेगवेगळी, आणि सगळी त्या तुकड्याच्या आत, कुणी बांध ओलांडून जात नाही. शिवाय नऊ कोटीवालीची मुळं या दहांच्या मधल्या फटींत एकेक करून बसतात, लग्नातल्या पंगतीत एकाआड एक बसवल्यासारखी.

असं का? कारण सांगता येण्याइतकं छोटं आहे. दहा कोटीची लंब बहुपदी आपल्यापेक्षा लहान कोटीच्या प्रत्येक बहुपदीला लंब असते. समजा ती तुकड्याच्या आत फक्त सात ठिकाणी चिन्ह बदलते. मग मी त्याच सात ठिकाणी चिन्ह बदलणारी सात कोटीची बहुपदी बनवतो आणि दोघींचा गुणाकार करतो. आता जिथे एक उणे होते तिथे दुसरीही होते, त्यामुळे गुणाकार सगळीकडे एकाच चिन्हाचा, आणि त्याचं क्षेत्रफळ शून्य येणं शक्य नाही. पण सात ही दहापेक्षा लहान कोटी, म्हणजे ते शून्य यायलाच हवं. भांडण झालं. म्हणून सात चालणार नाही, आठ नाही, नऊपण नाही, दहाच हवीत. हा युक्तिवाद लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

शेताची पट्टी आणि दोन टेप

या मुळांचा खरा उपयोग मोजायला होतो. ओढ्याच्या कडेची एक पट्टी घ्या, लांबी १०० मीटर, रुंदी सगळीकडे वेगळी. समजा टी मीटरवर रुंदी २० + ०.४८टी − ०.००३टी² मीटर आहे, म्हणजे एका टोकाला २० मीटर, मध्ये फुगलेली, दुसऱ्या टोकाला ३८. खरं क्षेत्रफळ ३,४०० चौरस मीटर. (सरकारी मोजणी अशी करत नाहीत हे मला माहितेय, भावकीत कुणी हा लेख दाखवू नये.)

आता टेपने फक्त दोनदाच रुंदी मोजायची मुभा आहे. साधा माणूस दोन टोकांना मोजेल: २० आणि ३८, सरासरी २९, क्षेत्रफळ २,९००. पाचशे चौरस मीटर गेले, म्हणजे जवळजवळ पाच गुंठे! पाच गुंठ्यांवरून गावात काय काय होतं ते मी सांगायला नको.

गाउसने १८१४ मध्ये सांगितलं की मोजायच्या जागा हुशारीने निवडा. आणि त्या जागा म्हणजे लजांद्र बहुपदीची मुळं, हे नातं याकोबीने १८२६ मध्ये स्वच्छ करून दाखवलं. दोन कोटीच्या लजांद्रची मुळं अधिक-उणे ०.५७७, आपल्या पट्टीवर ती येतात २१.१३ मीटर आणि ७८.८७ मीटरवर. तिथे रुंदी २८.८० आणि ३९.२०, सरासरी ३४, क्षेत्रफळ ३,४००. दोनच मोजमापं आणि उत्तर अचूक. इतकंच नाही, रुंदीचं सूत्र घनापर्यंत काहीही असलं तरी याच दोन जागा अचूक उत्तर देतात.

हे जादू वाटतं पण चौथीतला भागाकार आहे: भाज्य बरोबर भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी. रुंदीच्या बहुपदीला लजांद्रने भागा. जो भाग "लजांद्र गुणिले भागाकार" आहे त्याचं क्षेत्रफळ शून्य, कारण भागाकाराची कोटी लहान आहे आणि लजांद्र तिला लंब आहे. आणि मुळांवर मोजलं तर तिथेही तो भाग शून्यच, कारण मुळावर लजांद्रच शून्य. म्हणजे तो भाग खऱ्या उत्तरातही नाही आणि आपल्या मोजमापातही नाही. उरली बाकी, ती इतकी छोटी बहुपदी असते की दोन जागांवर मोजून पूर्ण हातात येते.

पण मला बांधावरच मोजायचंय

आता व्यवहारातली अडचण. गाउसच्या जागा कधीच टोकाला येत नाहीत, सगळ्या आत. पण समजा बांधावरची रुंदी तुम्हाला कागदपत्रांतून फुकटात मिळतेय, किंवा टोकाला काय चाललंय ते बघणं भागच आहे, तर ती जागा वाया का घालवायची? एक जागा मी ठरवणार, दुसरी गणिताने ठरवावी, असं चालेल का?

इथे तो दुसरा भाऊ येतो. लजांद्रची दोन कोटीची बहुपदी घ्या आणि तिच्यात एक कोटीची थोडी मिसळा: (३क्ष² − १)/२ अधिक क गुणिले क्ष. क हा तुमच्या हातातला आकडा, रेडिओचं बटण समजा. ही मिश्र बहुपदी आता सगळ्या लहान कोटीच्यांना लंब नाही. १ ला अजून लंब आहे, पण क्षशी तिचा काटकोन बिघडला, कारण क्ष तिच्यात मिसळलेलाच आहे. काटकोन पूर्ण नाही, वरच्या एका पायरीपुरता मोडलाय, बाकी शाबूत. यालाच क्वासी-ऑर्थोगोनल म्हणतात, मी त्याला "उणे-एक लंब" म्हणतो, कारण नेहमीपेक्षा एक अट कमी पाळते. दोन पायऱ्या मोडल्या तर उणे-दोन लंब, असं पुढे.

क ला १ करा. वर येतं ३क्ष² + २क्ष − १, सगळं दोनाने भागून. अवयव पाडा: (क्ष + १)(३क्ष − १). मुळं वजा १ आणि १/३. वजा १ म्हणजे पट्टीचं डावं टोक, बांध! आणि १/३ म्हणजे ६६.६७ मीटर. वजनं मात्र आता सारखी नाहीत, बांधावरच्या मापाला एक भाग आणि दुसऱ्याला तीन. मोजू: बांधावर २०, ६६.६७ वर ३८.६७, एक भाग वीस अधिक तीन भाग ३८.६७ म्हणजे १३६, भागिले चार, ३४. क्षेत्रफळ ३,४००. परत अचूक.

फुकट मिळालं का? नाही. किंमत भागाकारातच दिसते. भाजक आता एक अट कमी पाळतो, म्हणून भागाकाराची कोटीही एकाने कमी असावी लागते, आणि म्हणून घनापर्यंतची हमी वर्गापर्यंत खाली येते. आपली पट्टी वर्गाची होती म्हणून निभावलं. एक टोक आपल्या मर्जीने घेतलं, एक कोटी गमावली, हिशेब चोख. या पद्धतीला रादोचं नाव आहे.

दोन्ही टोकं हवीत? मग दोन पायऱ्या मोडा. तीन कोटीच्या लजांद्रमधून एक कोटीची वजा करा, मुळं येतात वजा १, ० आणि १. म्हणजे दोन टोकं आणि मधोमध. वजनं एक, चार, एक, भागिले सहा. ओळखीचं वाटतंय? हा सिम्पसनचा नियम! सर्व्हेइंगच्या तासाला "पहिलं अधिक शेवटचं अधिक चार पट मधलं" असं पाठ केलेलं, ती उणे-दोन लंब बहुपदी होती. आपल्या पट्टीवर: २० अधिक १४६ अधिक ३८, भागिले सहा, ३४. आमच्या मास्तरांनी तो नियम फळ्यावर लिहून चौकट मारली होती आणि का विचारलं तर "पेपरात का विचारत नाहीत" म्हणाले होते.

बटण जास्त फिरवलं तर?

क शून्य असताना दोन्ही मुळं आत, मधोमध सारख्या अंतरावर. क ०.५ केला की मुळं वजा ०.७७ आणि ०.४३, दोन्ही डावीकडे सरकली. क १ ला डावं मूळ बरोबर बांधावर. आणि क २ केला की ते जातं वजा १.५५ वर, चक्क शेजाऱ्याच्या शेतात. दुसरं मात्र ०.२२ वर, आतच.

आता क कितीही वाढवा, दहा करा, हजार करा, दुसरं मूळ बाहेर जाणार नाही, आणि दोन्हीपैकी एकही काल्पनिक होणार नाही. हा सर्वसाधारण नियम आहे: उणे-एक लंब बहुपदीची सगळी मुळं वास्तव आणि वेगवेगळी, आणि जास्तीत जास्त एकच बाहेर जाऊ शकतं. दहा कोटीची असली तर नऊ आत नक्की. मघाचा चिन्ह बदलण्याचा युक्तिवाद परत लावा, फक्त "लहान कोटी" ची मर्यादा एकाने खाली आलीय, म्हणून दहाच्या जागी नऊची हमी मिळते. उणे-दोन लंब असेल तर आठची. जितक्या पायऱ्या मोडल्या तितकीच मुळं सुटू शकतात, त्याहून एकही जास्त नाही.

म्हणजे शिस्त मोडली तरी अराजक येत नाही, हे मला या विषयात सगळ्यात देखणं वाटतं. हे पहिल्यांदा १९२३ मध्ये मार्सेल रीस या हंगेरियन गणित्याने आणलं, आणि त्याला शेताच्या मोजणीशी काही घेणं नव्हतं. तो वेगळ्याच कोड्यात होता: एखाद्या वजनाच्या फक्त वेगवेगळ्या घातांच्या सरासऱ्या माहीत आहेत, तेवढ्यावरून मूळ वजन एकच ठरतं का अनेक शक्य आहेत? तिथे त्याला हा फिरवता येणारा क लागला. नंतर फेयेर, शोहाट, चिहारा वगैरे लोकांनी तो विषय मोजणीकडे आणि मुळांकडे वळवला.

"मग हा सेकंड क्वालिटीचा माल झाला ना?"

असं एका मित्राने विचारलं. नाही, कारण लंब असणं हे त्या बहुपदीच्या एकटीच्या अंगचं नसतं, कुठल्या वजनाने मोजताय त्यावर असतं. चेबिशेव्हच्या दोन शाखा आहेत, पहिल्या प्रकारच्या आणि दुसऱ्या प्रकारच्या, दोघींचं वजन वेगळं. पहिल्या प्रकारची बहुपदी ही दुसऱ्या प्रकारच्या दोन बहुपद्यांच्या वजाबाकीची निम्मी असते. म्हणजे दुसऱ्या शाखेच्या वजनाने बघितलं तर ती फक्त उणे-दोन लंब. पण स्वतःच्या वजनाने बघा, शंभर टक्के लंब. माहेरी काटेकोर आणि सासरी जरा सैल, बाई तीच.

उलट बाजूही खरी आहे, ती लपवत नाही. कुठल्याही क ने मिश्र केलेल्या बहुपद्यांची रांग सहसा तो तीन पदांचा नियम जसाच्या तसा पाळत नाही, आजी-आईवरून मुलगी काढायची सोय बहुतेक वेळा जाते. ते दुखणं आहे.

"कॉम्प्युटर असताना हे सगळं कशाला?"

कॉम्प्युटर आहे म्हणूनच. शून्य ते एक या तुकड्यावर साध्या १, क्ष, क्ष² पासून क्षच्या नवव्या घातापर्यंत घेऊन सगळ्यात जवळचा वक्र बसवायचा म्हटलं, तर दहा समीकरणं मिळतात, पण क्षचा आठवा आणि नववा घात आलेखावर इतके सारखे दिसतात की समीकरणं एकमेकांची कॉपी वाटतात. याचं एक माप असतं, चूक किती पट फुगू शकते त्याचं, ते इथे साधारण १६ वर बारा शून्यं इतकं येतं. कॉम्प्युटर नेहमीच्या पद्धतीत सोळाएक अंक जपतो, त्यातले तेरा इथेच जाऊ शकतात. लंब बहुपद्या घेतल्या तर समीकरणं एकमेकांत अडकतच नाहीत, प्रत्येक सहगुणक स्वतंत्र निघतो, भाचीच्या २ आणि वजा २ सारखा.

ठरवून न मोडताही मोडतो तो काटकोन

एक शेवटची गोष्ट, कारण आजकालचं बरंच काम याच अंगाने झालंय. लागेर घराण्यात एक आकडा असतो, अल्फा, जो शून्याजवळचं वजन ठरवतो. अल्फा वजा १ पेक्षा मोठा असेपर्यंत सगळं ठीक, मुळं सगळी शून्याच्या उजवीकडे. अल्फा त्याच्या खाली नेला की वजनाचं क्षेत्रफळच अनंत होतं, लंब म्हणायला काही उरत नाही. पण बहुपदीचं सूत्र मात्र चालूच राहतं, ते काही थांबत नाही. मग ती आता कोण?

तर कोणत्याही अल्फाची बहुपदी म्हणजे अल्फा अधिक एकची त्याच कोटीची, वजा एक कोटी खालची. अल्फा वजा १.५ असेल तर वजा ०.५ वाल्या दोन बहुपद्यांची वजाबाकी, आणि वजा ०.५ ला घराणं शाबूत आहे. म्हणजे ती उणे-एक लंब झाली, आपोआप. आणि हमीप्रमाणे एकच मूळ बाहेर. एक कोटीचीच बघा, ती असते १ + अल्फा − क्ष, मूळ १ + अल्फावर, म्हणजे वजा ०.५. शून्याच्या डावीकडे, कुंपणाबाहेर अर्धा हात. ब्रेझिन्स्की, ड्रायव्हर आणि रेदिवो-झाल्या या तिघांनी २००४ मध्ये जुन्या घराण्यांना हे नीट लावून दाखवलं.

भाचीला हे सगळं वाचायला पाठवलं. तिचं उत्तर आलं की टेबलाचं कळलं, शेताचं पण कळलं, पण आपल्या गावच्या पट्टीत डाव्या बांधापासून दोन-तृतीयांशावर विहीर आहे, तिथे टेप कसा धरणार? मी म्हटलं क वजा १ कर. बटण उलटं फिरवलं की मुळं १ आणि वजा १/३, म्हणजे उजवा बांध आणि डावीकडून ३३.३३ मीटर. तिने लगेच गणित करून पाठवलं: ३८ चा एक भाग, ३२.६७ चे तीन, भागिले चार, ३४.